चरबीचा टक्का येतो कुठून

घरच्या वजनकाट्यावर अनवाणी उभे राहिले की चरबीचा टक्का दिसतो, तोही दशांशासकट. काट्याने मोजलेला असतो तो तळव्यांतून सोडलेल्या सौम्य विजेला झालेला विरोध. चरबीचा आकडा सूत्रातून येतो आणि त्या सूत्राची मुळे पाण्याच्या टाकीत आहेत.

1942 मध्ये अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि सहकाऱ्यांनी 25 व्यावसायिक फुटबॉलपटूंचे पाण्याखाली वजन केले. उंची-वजनाच्या तक्त्यानुसार त्यांतले 17 जण लष्करासाठी बाद होते. पण पाण्यात वजन किती घटते यावरून काढलेली त्यांतल्या बऱ्याच जणांची घनता जास्त भरली, म्हणजे वजन स्नायूंचे होते. पुढे विल्यम सिरी यांनी चरबीची घनता 0.9 आणि बाकी शरीराची 1.1 धरून सूत्र मांडले: 495 ला घनतेने भागायचे, त्यातून 450 वजा करायचे. घनता 1.06 असेल तर चरबी सुमारे 17 टक्के.

पाण्याखाली खरी गोम फुफ्फुसांची. पूर्ण श्वास सोडला तरी आत लिटरभराहून अधिक हवा उरते आणि ती वेगळी मोजावी लागते. 1.06 घनतेच्या 70 किलोच्या माणसाच्या बाबतीत त्या मोजणीत 100 मिलिलिटरची चूक झाली, तर चरबी पाऊण टक्का इकडेतिकडे होते. ही हवा हिशेबात धरलीच नाही, तर आठ टक्क्यांहून जास्त फुगते.

एवढी टाकी दवाखान्यात कोण बांधणार? 1974 मध्ये ग्लासगोत डर्निन आणि वोमर्स्ली यांनी 481 स्त्री-पुरुषांची घनता काढली आणि ती दंडाच्या पुढच्या व मागच्या, खांद्याच्या फऱ्याखालच्या आणि कमरेच्या हाडावरच्या त्वचेच्या घडीशी जोडली. घडी चिमटीत उचलून धरायची, बोटांपासून एक सेंटिमीटरवर कॅलिपर (जाडी मोजणारा चिमटा) लावायचा आणि साधारण दोन सेकंदांत आकडा वाचायचा. रेंगाळलात तर चरबी दबते, आकडा घसरतो. स्नायू चिमटीत आला तर उलटे. शिवाय सूत्र ग्लासगोच्या माणसांचे. ते जसेच्या तसे इतरांना लावणे ही सवय झाली, पुरावा नव्हे.

विजेच्या काट्याचा आधार पाणी. चरबीविरहित शरीरात ते सुमारे 73 टक्के असते, असे गृहीत धरलेले. घामाने पाणी कमी झाले की विरोध वाढतो आणि काटा चरबी वाढल्याचे सांगतो. रोज सकाळी, लघवीनंतर, काही खाण्यापिण्याआधी मोजले तर निदान तुलना तरी करता येते.

1980 च्या दशकाच्या अखेरीस दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांचे डेक्सा यंत्र आले. तेही हाडाखालची चरबी आजूबाजूवरून अंदाजते, पण हात, पाय, धड वेगळे दाखवते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3. डेक्सावर युडकिन यांची चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.