ग्रंथालयातली एक्स्पर्ट सिस्टिम

एक्स्पर्ट सिस्टिम म्हणजे एखाद्या मुरलेल्या माणसाच्या डोक्यातलं ज्ञान 'असं असेल तर असं कर' अशा नियमांत उतरवून केलेला प्रोग्राम. त्यात नियमांचा साठा वेगळा ठेवतात आणि तो वापरून उत्तरापर्यंत जाणारं इंजिन वेगळं. १९७०च्या दशकात स्टॅनफर्डला मायसिन झाली, जंतुसंसर्गावर कुठलं अँटिबायोटिक द्यावं ते सुचवणारी, आणि हा प्रश्न का विचारतेस असं तिला विचारलं तर कारणही सांगायची. डॉक्टरचं जमतं तर रेफरन्स डेस्कचं, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना वाट दाखवणाऱ्या टेबलाचं, का नाही, असं मग १९८०च्या दशकात लायब्ररीवाल्यांनाही वाटायला लागलं.

पण डेस्कचं काम वाटतं तेवढं सरळ नाही. वाचक विचारतो 'बागकामाची पुस्तकं कुठे आहेत', आणि खरं त्याला हवं असतं गुलाबावरची कीड कशी घालवायची ते. रॉबर्ट टेलर या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकाने १९६८ मध्ये याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, मनातल्या धूसर गरजेपासून डेस्कवर केलेल्या प्रश्नापर्यंत, आणि शेवटच्या पायरीवर माणूस इथे काय मिळेल याचा अंदाज बांधून स्वतःच प्रश्न काटछाट करून आणतो. चांगला लायब्ररियन तो प्रश्न उलटा उलगडत नेतो, आणि प्रोग्रामला शिकवायचं होतं ते हेच.

लंडन विद्यापीठातली प्लेक्सस ही त्यातली सगळ्यात मनापासून केलेली खटपट म्हणायला हरकत नाही. विषय मुद्दाम छोटा घेतला, बागकाम. वाचकाने साध्या भाषेत लिहिलेल्या प्रश्नातले शब्द वस्तू, तिचा भाग, क्रिया, जागा, काळ अशा खणांत टाकायचे, रिकाम्या खणाबद्दल वाचकाला परत विचारायचं, आणि मग कुठे बघायचं ते सांगायचं. ही खणांची कल्पना आपल्याला ओळखीची वाटेल. प्लेक्ससवर काम करणारे ब्रायन व्हिकरी लंडनच्या वर्गीकरण संशोधन गटातले, आणि त्या गटावर आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३३च्या कोलन वर्गीकरणाची, म्हणजे विषयाचे असेच पैलू पाडून पुस्तकं लावण्याच्या पद्धतीची, मोठी छाप होती.

अमेरिकेत नॅशनल ॲग्रिकल्चरल लायब्ररीत आन्सरमॅन झाला, बफेलोत सरकारी प्रकाशनांसाठी पॉइंटर. दोन्ही मेनूवाले, उत्तरापेक्षा संदर्भग्रंथाचं नाव सुचवणारे, म्हणजे जाणकार माणूस डेस्कवर नसला तरी काम अडू नये.

स्टाफच्या कामात कॅटलॉगिंग, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं, सोपं जाईल असं वाटलं होतं, कारण नियम आधीच छापलेले. जुन्या संतकवीची नोंद नावाखाली, आजच्या लेखकाची आडनावाखाली, असं सगळं तिथे लिहिलेलं असतंच. पण पुस्तकाचं आतलं शीर्षकपान बघून हा लेखक की संपादक, यातलं नाव महत्त्वाचं कुठलं, हे ठरवायला डोळे आणि अनुभव लागतो, नियम त्याच्या नंतर सुरू होतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमध्ये मेडइंडेक्स हा प्रयोग झाला तो म्हणूनच शहाणपणाचा वाटतो, लेखांना विषयशब्द लावणाऱ्या इंडेक्सरच्या जागी न बसता तो त्याला योग्य विषयशब्द निवडायला मदत करायचा.

यातले बहुतेक प्रयोग प्रोटोटाइपच्या पुढे फारसे गेले नाहीत. बागकामाचे नियम कायद्याच्या प्रश्नाला चालत नाहीत, प्रत्येक विषयासाठी जाणकाराला समोर बसवून परत पहिल्यापासून खोदावं लागतं, आणि नवी आवृत्ती आली की, एखादी डिरेक्टरी बंद पडली की नियम कुणीतरी बसून बदलायला हवेत, आणि हे कुणीतरी म्हणजे बहुतेकदा तोच डेस्कवरचा आधीच दमलेला माणूस. तेवढ्यात १९९०च्या दशकात वेब आलं आणि वाचक थेट सर्चच्या खिडकीत टाइप करायला लागला, अर्थात काटछाट केलेलाच प्रश्न.