नर धीट, मादी लाजाळू: ही कल्पना विज्ञानात आली कुठून

"पुरुषाचा स्वभावच तसा, बाईचा स्वभावच तसा, शेवटी निसर्ग आहे" हे वाक्य कुठल्याही वादात कधी ना कधी येतंच, आणि आजकाल त्याच्यामागे उत्क्रांतीचा आधारही जोडून दिलेला असतो. आदिमानव शिकारीला जायचा, बाई मुलं सांभाळायची, म्हणून आजही हे असं. समलिंगी संबंधांचा विषय निघाला की तेच, एक जण म्हणतो प्राण्यांमध्ये असलं काही नसतं, दुसरा म्हणतो असतं की, हे बघ पेंग्विन. दोघंही निसर्गालाच साक्षीला बोलवतात. या साक्षीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माणसांनी आपापल्या काळातल्या समजुती घेऊन प्राण्यांकडे बघितलं आणि त्याच समजुती मग "विज्ञान सांगतं" म्हणून समाजात परत आल्या, असं यात एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालंय.

सुरुवात अर्थातच डार्विनपासून. पण १८५९ च्या 'प्रजातींचा उगम' या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या आधी, १८४६ ते १८५४ अशी तब्बल आठ वर्षं तो समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नकल नावाच्या प्राण्यांवर काम करत होता. बहुतेक बार्नकल उभयलिंगी असतात, म्हणजे एकाच शरीरात नर पण आणि मादी पण. डार्विनला मात्र काही जाती अशा सापडल्या ज्यात मादीच्या अंगाला अगदी बारीक नर चिकटलेले होते, आणि काहींमध्ये तर उभयलिंगी प्राण्यालाच असे जादाचे छोटे नर होते. नर-मादी ही विभागणी पक्की दगडावरची रेघ नाही, ती हळूहळू घडत गेलेली आहे आणि मधल्या सगळ्या पायऱ्या निसर्गात आजही दिसतात, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने माणसांबद्दल जे लिहिलं त्यात हा मोकळेपणा फारसा दिसत नाही.

मोराचा पिसारा त्याला छळत होता. १८६० च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की मोराच्या पिसाकडे बघितलं की मला मळमळतं, कारण एवढं अवजड शेपूट जगायला मदत करत नाही, मग नैसर्गिक निवडीत, म्हणजे जगायला जे उपयोगी तेच पिढ्यानपिढ्या टिकतं या नियमात, ते टिकलं कसं? त्याचं उत्तर त्याने १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीवरच्या पुस्तकात दिलं, लैंगिक निवड. नर आपसात झुंजतात आणि मादी त्यातून निवडते, तिला जे आवडतं ते पिढ्यानपिढ्या वाढत जातं. मादीला आवडनिवड असते आणि त्या आवडीने अख्ख्या जातीचं रूप बदलतं, ही त्या काळात भयंकर धाडसी गोष्ट होती, इतकी की नैसर्गिक निवडीचा सहशोधक वॉलेस यालाही ती पटली नाही, मादी प्राण्याला असली सौंदर्यदृष्टी असेल हे त्याने मानलंच नाही. (गंमत म्हणजे तोच वॉलेस १८९० मध्ये म्हणाला की बायकांना आर्थिक स्वातंत्र्य मिळालं आणि लग्न करण्याची सक्ती उरली नाही, तर त्या जोडीदार चांगले निवडतील आणि मानवजातच सुधारेल.)

पण त्याच १८७१ च्या पुस्तकात डार्विनने हेही लिहिलं की मादी सहसा लाजाळू आणि नर उतावळा, आणि माणसात पुरुष विचारशक्ती, कल्पनाशक्ती, कशातही बाईपेक्षा वरची पातळी गाठतो. पुरावा काय, तर कविता, चित्रकला, संगीत, इतिहास, विज्ञान यांतल्या थोर पुरुषांची आणि थोर बायकांची यादी करून बघा. म्हणजे ज्या समाजात मुलींना विद्यापीठाची डिग्री मिळत नव्हती त्या समाजातल्या याद्या बघून बुद्धीचा निष्कर्ष! मार्क्सने १८६२ मध्येच एंगल्सला लिहिलं होतं की डार्विनला प्राण्या-वनस्पतींमध्ये स्वतःचा इंग्लिश समाजच दिसतो हे लक्षणीय आहे. मार्क्स स्पर्धा आणि बाजाराबद्दल बोलत होता, पण स्त्री-पुरुषांच्या बाबतीत ते जास्तच लागू पडतं.

बायका गप्प बसल्या नाहीत, हे मला ठासून सांगायचंय कारण हा भाग सहसा कुणी सांगत नाही. अँटोनेट ब्राऊन ब्लॅकवेल ही अमेरिकेतली धर्मोपदेशक आणि लेखिका, तिने १८६९ मध्ये आपलं विज्ञानावरचं पुस्तक डार्विनला पाठवलं होतं आणि त्याने आभाराच्या पत्रात तिला "डिअर सर" म्हटलं, लेखक पुरुषच असणार असं गृहीत धरून. १८७५ मध्ये तिने पुस्तकच लिहिलं की डार्विन आणि तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी फक्त नराची बाजू मोजली, मादीच्या शरीरात पिल्लं वाढवण्यात जी शक्ती खर्च होते ती हिशोबात धरा, मग दोघं समतोल दिसतील, वेगळे असले तरी. डिसेंबर १८८१ मध्ये कॅरोलिन केनार्ड या बाईने डार्विनला सरळ विचारलं की तुमच्या नावावर बायकांना कमी लेखलं जातंय ते बरोबर आहे का, तर १८८२ च्या जानेवारीत त्याचं उत्तर आलं की बायका नैतिक गुणांत सहसा श्रेष्ठ आहेत पण बुद्धीने कमी, असं मला वाटतं. केनार्डने परत लिहिलं, बायकांना आधी पुरुषांसारखी परिस्थिती आणि संधी द्या, मग तुलना करा. १८९४ मध्ये एलिझा बर्ट गँबलने तर डार्विनचीच साधनं वापरून उलटा निष्कर्ष काढला, निवड जर मादी करते तर पुढारलेली तीच.

तोपर्यंत समाजाला हवं ते समाजाने उचललं होतं. बॉस्टनचा डॉक्टर एडवर्ड क्लार्क याने १८७३ मध्ये सांगितलं की मुली जास्त शिकल्या तर शरीरातली ताकद मेंदूकडे जाते आणि गर्भाशय दुबळं राहतं. १८८९ मध्ये गेडीस आणि थॉमसन या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञांनी लिहिलं की नर म्हणजे शक्ती खर्च करणारा, मादी म्हणजे साठवणारी, आणि आदिम एकपेशीय जीवांच्या काळात जे ठरलं ते पार्लमेंटच्या कायद्याने रद्द होणार नाही. बायकांच्या मताधिकाराची मागणी जोरात असताना हे वाक्य छापलं गेलं, म्हणजे कुणाला उद्देशून आहे ते कळतंच.

लैंगिकतेचंही तसंच. ब्रिटिशांच्या १८६० च्या दंडसंहितेत समलिंगी संबंध "निसर्गक्रमाविरुद्ध" म्हणून गुन्हा होते, आणि तो निसर्गक्रम काय हे कुणी जनावरं बघून ठरवलं नव्हतं, ते धर्मातून आलं होतं. उत्क्रांती आल्यावर पाप गेलं आणि त्याच्या जागी रोग आला. मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंगच्या १८८६ च्या पुस्तकात समलिंगी आकर्षण म्हणजे आनुवंशिक ऱ्हासाची खूण, पुढे जायच्या ऐवजी मागे घसरलेला माणूस. जर्मन डॉक्टर मॅग्नस हिर्शफेल्डने मात्र त्याच विज्ञानातून दुसरी वाट काढली, प्रत्येक माणसात नर आणि मादी दोन्हीचे अंश कमीजास्त मिसळलेले असतात त्यामुळे मधली रूपं ही निसर्गाचीच रूपं आहेत, असं म्हणून १८९७ मध्ये त्याने बर्लिनमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा बदलण्यासाठी समिती उभी केली. १९१९ मध्ये लैंगिकतेवर संशोधन करणारी त्याची संस्था सुरू झाली आणि १९३३ मध्ये नाझींनी ती लुटून पुस्तकं जाळली.

आणि प्राण्यांमध्ये खरंच काय चालतं ते बघणारे काय करत होते? जॉर्ज मरे लेविक हा स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतला डॉक्टर, १९११-१२ च्या उन्हाळ्यात केप अडेअरला अडेली पेंग्विनच्या वसाहतीत होता. नर नरांशी संग करतात, मेलेल्या माद्यांशी पण करतात, हे बघून तो इतका हादरला की काही नोंदी त्याने ग्रीक अक्षरांत लिहिल्या, म्हणजे सहज कुणाला वाचता येऊ नयेत. लंडनला परत आल्यावर तो भाग अधिकृत अहवालातून वगळला आणि "प्रसिद्धीसाठी नाही" असा शिक्का मारून १०० प्रती खाजगीत वाटल्या गेल्या. लोकांसमोर तो आला २०१२ मध्ये. निसर्गात असं नसतं हे जगाला इतकी वर्षं वाटत राहिलं त्याचं एक कारण हे, की ज्यांनी बघितलं त्यांनीच ते कपाटात ठेवलं.

विसाव्या शतकात ही नर-मादीची गोष्ट आकड्यांमध्ये आली. १९४८ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ बेटमन याने फळमाश्यांवर प्रयोग केला आणि म्हणाला की नराला जितक्या जास्त माद्या तितकी पिल्लं जास्त, मादीला मात्र एकापेक्षा जास्त नरांचा खास फायदा नाही, म्हणून नर कुठेही उतावळा आणि मादी चोखंदळ. शेवटी त्याने हे माणसालाही लावून टाकलं, माश्यांवरून थेट! पेपर बरीच वर्षं तसा पडूनच होता, मग १९७२ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ ट्रायव्हर्सने त्यावर आपला सिद्धांत उभा केला की पिल्लावर जो जास्त शक्ती आणि वेळ गुंतवतो तो निवडक होतो, आणि १९७५ मध्ये जीवशास्त्रज्ञ विल्सनच्या 'सोशियोबायोलॉजी' (वागण्याची मुळं उत्क्रांतीत शोधणाऱ्या) पुस्तकातून ते मासिकं, टीव्ही, डेटिंगचे सल्ले इथपर्यंत पोचलं. ट्रायव्हर्सचा सिद्धांत मला आजही सुंदर वाटतो, कारण त्यात "नर" आणि "मादी" पक्के नाहीत, समुद्रघोड्यासारखा पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा नर जास्त गुंतवत असेल तर गणित उलटं होऊ शकतं. लोकांनी मात्र त्यातलं अर्धंच उचललं.

बेटमनच्या प्रयोगात तर मूळचीच अडचण होती. त्या काळी डीएनए चाचणी नव्हती, त्यामुळे पिल्लू कुणाचं हे ओळखायला त्याने डोळ्यांनी दिसतील असे दोष असलेल्या माश्या वापरल्या. पण ज्या पिल्लाला आईचाही दोष आला आणि बापाचाही, त्यातली बरीच जगतच नव्हती, आणि आईबाप दोघंही नक्की ओळखू येणार ते नेमकं असल्याच पिल्लांवरून. पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तोच प्रयोग तसाच परत केला तेव्हा हे उघड झालं. बेटमनच्या स्वतःच्या आकड्यांतही बापांच्या नावावर आयांपेक्षा जास्त पिल्लं होती, जे होऊच शकत नाही कारण प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप. ६४ वर्षं हे आकडे छापलेले होते.

बदल झाला तो बघणारी माणसं बदलली आणि बघायची पद्धत बदलली म्हणून. माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमनचा १९७४ चा पेपर यात फार मोठा आहे आणि त्यात जेंडर हा विषयच नाही. तिचं म्हणणं इतकंच की कळपात जे भांडण, जी झुंज नजरेत भरते तेवढंच टिपू नका, एकेक प्राणी ठरवून घ्या, ठरावीक वेळ फक्त त्याच्याकडे बघा आणि सगळं लिहा. हे सुरू झालं आणि कोपऱ्यात बसलेल्या माद्या पहिल्यांदा नीट मोजल्या गेल्या. त्याच दशकात सारा ब्लाफर हर्डी माउंट अबूला लंगूर माकडांचा अभ्यास करत होती. नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारतो हे तिने मांडलं, आणि माद्या स्वतःहून टोळीबाहेरच्या नरांकडेही जातात हेही तिने टिपलं. तिचा अंदाज असा की पिल्लू कुणाचं याचा संशय ठेवला तर ते मारायला नर धजत नाही. यातली मादी लाजाळू नाहीये, डावपेच आखणारी आहे. पक्ष्यांच्या बाबतीत तर आणखी गंमत, ९० टक्क्यांवर जाती एकनिष्ठ जोडीने राहतात असं पुस्तकांत लिहिलेलं, मग १९८० च्या दशकाच्या शेवटी डीएनए फिंगरप्रिंटिंग (पिल्लाचा खरा बाप ओळखायची चाचणी) आलं आणि घरट्याघरट्यात दुसऱ्याच नराची पिल्लं सापडायला लागली.

बोनोबो या चिंपांझीसारख्या वानराचं उदाहरणही असंच. ते आणि चिंपांझी दोघंही आपल्याला सारख्याच जवळचे, तरी "माणूस मुळात कसा" हे सांगायला कितीतरी वर्षं चिंपांझीच घेतला गेला, नरांची सत्ता आणि हाणामाऱ्या वगैरे. बोनोबोंमध्ये माद्या एकजुटीने राहतात, नरांना आवरतात, आणि मादी-मादी संबंध हा रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. दोन चुलत भावंडांपैकी कुठलं निवडायचं हे विज्ञानाने नाही, निवडणाऱ्याने ठरवलं.

१९९९ मध्ये जीवशास्त्रज्ञ ब्रूस बॅगमिलने ४५० हून जास्त प्रजातींमधल्या समलिंगी वर्तनाच्या विखुरलेल्या नोंदी एका पुस्तकात आणल्या आणि "निसर्गात नाही" हा दावा कायमचा संपला. आनंदच आहे, पण इथे मला एक काळजी वाटते. पेंग्विन करतात म्हणून माणसाचं प्रेम योग्य, असं म्हटलं तर लंगूर पिल्लं मारतात त्याचं काय करणार? माणसाच्या हक्काला पेंग्विनचं सर्टिफिकेट लागता कामा नये, प्राण्यांची उदाहरणं खोटा दावा पाडायला पुरतात, तेवढंच त्यांचं काम. जनुकांचंही तसंच, १९९३ मध्ये एक्स गुणसूत्रावरच्या एका भागाची बातमी आली तर लगेच "गे जीन सापडला" म्हणून मथळे, आणि २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांचा डेटा तपासल्यावर कळलं की असा एक जीन नाहीच, खूप सारे बारीक परिणाम आहेत आणि त्यावरून कुणाही एका माणसाबद्दल काही सांगता येत नाही.

राहिला शिकारी पुरुष. ही कल्पना पक्की झाली १९६६ च्या शिकागोतल्या परिषदेनंतर, जिचं नावच "मॅन द हंटर" होतं, आणि खरं तर तिथेच आकडे मांडले गेले होते की बऱ्याच भटक्या समाजांत पोट भरतं ते जास्त करून गोळा केलेल्या कंदमुळा-फळांवर, म्हणजे बायकांच्या कामावर. सॅली स्लोकम, नॅन्सी टॅनर, एड्रियन झिलमन या मानववंशशास्त्रज्ञ बायकांनी १९७० च्या दशकात हेच धरून ठेवलं. मग २०२० मध्ये पेरूतल्या विलामाया पात्श्या इथल्या ९००० वर्षांपूर्वीच्या दफनाची बातमी आली, शिकारीच्या हत्यारांसोबत पुरलेली व्यक्ती दातांमधल्या प्रथिनांवरून १७ ते १९ वर्षांची मुलगी निघाली. त्या संशोधकांनी अमेरिका खंडांतली जुनी दफनं तपासली तर मोठ्या शिकारीची हत्यारं असलेल्या २७ जणांपैकी ११ बायका होत्या. २०२३ मध्ये एका पेपरने म्हटलं की ६३ समाजांपैकी ७९ टक्क्यांत बायका शिकार करतात, ते जगभर गाजलं, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी त्याची नोंद-नोंद तपासून दाखवलं की समाज निवडण्यात आणि नोंदी लावण्यात चुका आहेत, बायका शिकार करतात हे खरं पण कामाची वाटणीही खरी. मला ही टीका वाचून बरं वाटलं, जरी पहिला निष्कर्ष मनाला जास्त आवडला होता. बेटमनचे आकडे असे दुसऱ्याच वर्षी कुणी तपासायला हवे होते.