दुबळ्या हाताचा क्वार्टरबॅक आणि त्याचं गणित

१९६९ साली सिनसिनाटी बेंगल्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघात ग्रेग कुक नावाचा नवखा क्वार्टरबॅक आला. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातून सुटते. कुकचा पास लांबच्या लांब जाई. त्याच मोसमात त्याचा खांदा दुखावला, तसाच तो खेळत राहिला आणि शस्त्रक्रियेनंतरही तो हात पूर्वीसारखा झाला नाही. १९७० मध्ये त्याच्या जागी व्हर्जिल कार्टर आला. डोकं तल्लख, पाय चपळ, पण लांब फेकायची ताकद बेताची.

संघाचं पासिंग तेव्हा बिल वॉल्श या सहाय्यक प्रशिक्षकांकडे होतं. त्यांनी कार्टरकडून लांब फेकीचा हट्ट धरला नाही. झटपट सुटणारे आखूड पास, मैदानाच्या रुंदीचा पुरेपूर वापर, आणि पास झेलणारा कितव्या पावलावर वळणार याची पक्की आखणी. पहिल्या सातपैकी सहा सामने हरलेला संघ उरलेले सातही जिंकून गटात पहिला आला. १९७१ मध्ये पासांच्या अचूकतेत कार्टर नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत, अव्वल होता: ६२.२ टक्के. हीच पद्धत पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ म्हणून गाजली.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. कार्टरच्या आडात लांब पास नव्हताच. त्या आडात दुसरं काय आहे, हे वॉल्श यांनी पाहिलं. मग श्रेय कोणाला द्यायचं?

मला सर्वांत अप्रूप वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. या प्रश्नाला हात घालायचं साधनही कार्टरनेच घडवलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापन शिकत असताना त्याने तिथले प्राध्यापक रॉबर्ट मॅकोल यांच्याबरोबर १९६९ च्या मोसमातल्या चालींचा हिशेब मांडला. चेंडू मैदानात कुठे आहे, यावरून पुढचे गुण कोणाला आणि सरासरी किती मिळतात? १९७१ साली हा निबंध ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात आला. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून ५ यार्डांवर चार प्रयत्नांपैकी पहिला प्रयत्न असेल तर त्या स्थितीची किंमत सुमारे ६ गुण. आपल्याच गोलरेषेला खेटून असाल तर किंमत शून्याच्याही खाली. आज प्रत्येक चालीमुळे ही किंमत किती वाढली किंवा घटली ते मोजतात आणि त्यावरून आक्रमणाचा दर्जा ठरवतात.

पण हे गणित चाल मोजते. तिच्यात खेळाडूचा वाटा किती आणि आखणाऱ्याचा किती, हे ते सांगत नाही. चहात विरघळलेली साखर आणि दूध वेगळं काढण्यासारखं ते काम आहे. दोघांची ताटातूट झाली तरच काही कळू शकतं.

अशी ताटातूट अधूनमधून होते. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा गुडघा गेला. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचा त्याचा न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघ आदल्या वर्षीच्या ५८९ गुणांवरून ४१० वर आला, तरी १६ पैकी ११ सामने जिंकला. २०११ मध्ये मानेच्या दुखण्याने क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग अख्खा मोसम बाहेर राहिला, आणि इंडियानापोलिस कोल्ट्सचे विजय १० वरून २ वर घसरले. एकाच तऱ्हेचा अपघात, परिणाम किती वेगळे! उलट बाजूचं उदाहरण अटलांटा फाल्कन्सचं. २०१६ मध्ये त्यांनी ५४० गुण केले. आक्रमणाचे प्रशिक्षक काइल शॅनाहन गेले आणि पुढच्या वर्षी, प्रमुख खेळाडू तेच असताना, ३५३.

लॉस एंजेलिस रॅम्सचा दाखला तर हमखास दिला जातो. २०१६ मध्ये २२४ गुण, लीगमध्ये शेवटचा क्रमांक. तिशीतले शॉन मॅकव्हे प्रशिक्षक झाले आणि २०१७ मध्ये ४७८ गुणांसह पहिला क्रमांक. इथे मात्र जपून बोलायला हवं. त्याच वर्षी बचावफळी अडवून क्वार्टरबॅकला वेळ मिळवून देणारा अँड्र्यू व्हिटवर्थ आला, पास झेलणारे नवे आले. शिवाय प्रशिक्षक बदलतात ते बहुधा सर्वांत वाईट वर्षानंतर, आणि तळ गाठलेला संघ थोडाफार आपोआपही वर येतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ते वजा न करता सगळा जमाखर्च नव्या माणसाच्या नावावर टाकणं चूक आहे.

शिकागो विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर बेरी आणि अँथनी फाउलर यांनी यावर सुंदर युक्ती काढली. प्रशिक्षकांच्या नावांच्या चिठ्ठ्या संगणकावर हजारदा पिसायच्या, कशाही, कोणत्याही वर्षांना चिकटवायच्या, आणि खरी नावं या खोट्या वाटपापेक्षा निकालांशी किती जास्त जुळतात ते पाहायचं. अनेक खेळांत संघांच्या यशातल्या फरकाचा साधारण २० ते ३० टक्के वाटा प्रशिक्षकाचा निघाला. बाकीच्यात खेळाडू आहेत, दुखापती आहेत आणि नशीबही आहे.

हा आकडा कोणाला लहान वाटेल. मला तो मोठा वाटतो. या लीगमध्ये १९९४ पासून खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, म्हणून कोणालाच सगळे हिरे एका तिजोरीत ठेवता येत नाहीत. प्रशिक्षकांच्या पगाराला अशी मर्यादा नाही, म्हणून वरचढ ठरायची एक वाट तिथे उरते.

तरीही टक्केवारीने माझं समाधान होत नाही, कारण खेळाडू आणि प्रशिक्षक यांची बेरीज होत नाही, जुळणी होते. २०२१ मध्ये रॅम्सनी आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ डेट्रॉइट लायन्सला देऊन त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. डेट्रॉइटमध्ये बारा वर्षांत एकही बाद फेरीचा सामना न जिंकलेला स्टॅफर्ड त्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. आणि नको झालेला गॉफ? लायन्सच्या आक्रमणाचे प्रशिक्षक बेन जॉन्सन यांनी त्याला जमणाऱ्या चालींभोवती आक्रमण रचलं आणि २०२४ मध्ये लायन्सनी लीगमधले सर्वाधिक, ५६४ गुण केले.

२०२५ मध्ये जॉन्सन शिकागो बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. कार्टरचाही पहिला संघ हाच. गॉफ डेट्रॉइटमध्येच राहिला. हिशेब मांडणाऱ्यांना आणखी एक ताटातूट मिळाली आहे.