वीज कमी खपली म्हणजे मंदी आली?

देशाची विजेची मागणी घटली की ‘मंदी आली’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे गणित चुकीचं आहे. 2025च्या एप्रिल-जूनमध्ये भारतातला वीजवापर आदल्या वर्षीपेक्षा घटला. त्याच तिमाहीची जीडीपी वाढ मात्र 7.8 टक्के जाहीर झाली. कारण आभाळात होतं. मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला थेट मुंबईत! एसी, कूलर, कृषिपंप थंडावले. शिवाय छतावरच्या सोलरची घरातच वापरलेली वीज ग्रिडच्या आकड्यात दिसतच नाही.

आकडा वाचायचाच असेल तर आधी तापमान-पावसाचा परिणाम वजा करा, मग उद्योगांचा वापर वेगळा काढा. तोही अपुराच: कमावलेल्या रुपयामागे सॉफ्टवेअर कंपनीला पोलाद कारखान्यापेक्षा कितीतरी कमी वीज लागते.