वॉशिंग मशीन लावलं की लाईट जाते? फोन करण्याआधी एवढं बघून ठेवा

पाऊस सुरू झाला की कोपरखैरणे-घणसोलीपासून ऐरोलीपर्यंत आम्हाला हाच फोन येतो. मेकॅनिक पाठवतोच, पण दोन गोष्टी तुम्हीच सांगू शकता: डीबीतला (घरातल्या मेन स्वीचबोर्डातला) कोणता स्वीच पडला, आणि नेमका कधी?

टेस्टचं बटण असलेला रुंद स्वीच म्हणजे ईएलसीबी किंवा आरसीसीबी. घरात तो बहुधा 30 मिलीअँपियरचा असतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, म्हणजे कुठेतरी गळला, की तो पडतो. बिनबटणाचा अरुंद एमसीबी लोड वाढल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर पडतो.

मशीनचा स्वीच दाबताक्षणी डीबीतला पडला, तर कॉर्ड किंवा आतलं वायरिंग बघावं लागतं. (उंदीर! बाल्कनीत मशीन असेल तर खालची जाळी शाबूत आहे का बघा.) मशीन पाणी बाहेर सोडताना पडला तर पंपावर संशय. पण फ्रंट लोडमध्ये पाणी भरून ड्रम फिरू लागल्यावर काही मिनिटांनी पडत असेल, तर बहुतेक वेळा हीटरच निघतो. हा हीटर साधारण 2000 वॅटचा असतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने त्यावर क्षार चढतात, आवरणाला चीर जाते आणि करंट पाण्यात गळतो. पुढच्या वेळी पाणी गरम न करणारा 'कोल्ड' प्रोग्राम एकदाच, कपडे न टाकता लावून बघा. स्वीच पडला नाही, तर तसं फोनवर सांगा. आम्ही हीटर घेऊनच येऊ. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मात्र हा प्रयोग करू नका.

झिणझिण्यांचं कारण दर वेळी मशीनमध्येच असतं असं नाही. मशीनमधला विजेचा फिल्टर (कचऱ्याचा नव्हे) थोडासा करंट अर्थला सोडतो. सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर तो पत्र्यावर येतो. नवं मशीनही मग चावतं. अर्थात, खरा लीकेजही असू शकतो, म्हणून मशीन बंद ठेवा. काही वायरमन सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. ते कधीही करू देऊ नका: न्यूट्रल तुटला तर अख्खा पत्रा 230 व्होल्टवर येतो.

"ईएलसीबी काढून डायरेक्ट करून द्या," असंही कोणी सांगतं. ते काम आम्ही करत नाही, कितीही पैसे दिलेत तरी. एक्स्टेन्शन बोर्डही नको; हीटरच्या मशीनला स्वतंत्र 16 अँपियरचं सॉकेट हवं. आणि प्लग काढला तरी मागचा पत्रा उघडू नका, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

आल्यावर आम्ही आधी सॉकेटची अर्थिंग, मग मेगरने (करंट गळतो का ते दाखवणाऱ्या मीटरने) मशीन तपासतो आणि खर्च सांगूनच काम सुरू करतो. दोष सॉकेटचा निघाला तर फक्त व्हिजिटचे पैसे. पुढचं काम सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फोन करताना मॉडेल नंबर आणि डीबीचा फोटो तेवढा पाठवा.