टाकळीचा शंख आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

विज्ञान शिकलेल्या माणसांत ख्रिस्ती श्रद्धेचा विषय निघाला, की चर्चा बहुधा एकाच जागी येऊन अडते: पृथ्वी कोट्यवधी वर्षांची आहे हे ज्याला पटले आहे, त्याने बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली’ हे वाक्य कोणत्या अर्थाने वाचायचे? हा प्रश्न अलीकडचा आहे आणि तो दूरदर्शनवरील वादांतून आपल्याकडे आला आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नागपूरपुरते तरी ते खरे नाही. या शहरात तो १८४५ सालापासून आहे, आणि ज्या माणसाबरोबर तो येथे आला, त्याने आयुष्याची १८ वर्षे एका हातात पवित्र शास्त्र आणि दुसऱ्या हातात भूशास्त्रज्ञाची हातोडी घेऊन काढली. श्रद्धेला विज्ञानासमोर कसे उभे करावे, याविषयी आज जे बोलले जाते, त्यातील बराच भाग त्या हातोडीच्या इतिहासात आधीच सापडतो.

स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरकराला महाविद्यालयाच्या फलकावरून ठाऊक असते. त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील बर्विकशायर परगण्यात, डन्स या गावी, एका गवंड्याच्या घरी झाला. जन्मगावाचा उल्लेख केवळ चरित्राचा तपशील म्हणून केलेला नाही. याच परगण्याच्या समुद्रकिनाऱ्यावर सिकर पॉइंट नावाचा कडा आहे. तेथे खालचे करडे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर तांबडा वालुकाश्म किंचित तिरका पसरला आहे. १७८८ मध्ये स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन आपल्या मित्रांसह नावेतून तेथे गेले. खालचे थर समुद्रतळाशी साचायला, कठीण व्हायला, उचलले जाऊन उभे व्हायला, झिजायला आणि मग त्यांच्यावर नवे थर साचायला किती काळ लागला असेल, याचा विचार त्या कड्यासमोर उभे राहून करावा लागला. सोबतच्या जॉन प्लेफेअर यांनी पुढे लिहिले, की काळाच्या त्या अथांग दरीत डोकावताना मन भोवंडून गेले. हे प्लेफेअर गणिताचे प्राध्यापक होते, पण त्याआधी ते चर्चचे दीक्षित पाळकही होते. अफाट काळाची जाणीव नोंदवणारी ही साक्ष चर्चच्या आतल्या माणसाची आहे, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या वादात नेमकी विसरली जाते.

पृथ्वी सहा हजार वर्षांची असल्याचा हिशेब आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये मांडला होता. पवित्र शास्त्रातील वंशावळ्या आणि राजांच्या कारकिर्दी यांची बेरीज करून त्यांनी सृष्टीच्या आरंभासाठी इसवी सनपूर्व ४००४ हे वर्ष ठरवले आणि पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले. समासातील आकडा वाचकाला हळूहळू मूळ वचनाइतकाच पवित्र वाटू लागतो. तरीही उत्पत्तीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे दिवस, असे सर्वच ख्रिस्ती विचारवंतांनी कधी मानले नव्हते. पाचव्या शतकातील संत ऑगस्टीन यांनी ते दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नसावेत असे सविस्तर लिहून ठेवले आहे, आणि तेव्हा भूशास्त्राचा दबाव असण्याचा प्रश्नच नव्हता.

हिस्लॉप विद्यार्थी होते त्या काळात स्कॉटलंडमध्ये हा प्रश्न उघडपणे चर्चिला जात होता. थॉमस चाल्मर्स हे तेथील सर्वांत प्रभावी धर्मोपदेशक. उत्पत्तीतील पहिले वचन आणि त्यानंतरचा सहा दिवसांचा वृत्तांत यांच्यामध्ये वाटेल तेवढा दीर्घ काळ सामावू शकतो, असे त्यांनी १८१४ मध्येच प्रसिद्ध केले होते. केंब्रिजचे भूशास्त्राचे प्राध्यापक ॲडम सेजविक हेही दीक्षित धर्मगुरू. नदीकाठची वाळू आणि गोटे यांचा संबंध आपण नोहाच्या जलप्रलयाशी जोडला ही चूक होती, असे त्यांनी १८३१ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून जाहीरपणे सांगितले. ह्यू मिलर हे तर दगडफोडीचे काम करत भूशास्त्राकडे आलेले गृहस्थ. तांबड्या वालुकाश्मातील जीवाश्म माशांवर लिहीत असतानाच ते एका ख्रिस्ती वृत्तपत्राचे संपादन करत होते. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले तेव्हा चाल्मर्स त्याचे पहिले मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, झाले आणि मिलर यांची लेखणी त्याच्या पाठीशी उभी राहिली. हिस्लॉप याच फ्री चर्चचे मिशनरी म्हणून निघाले. त्यामुळे नागपुरात पोहोचण्यापूर्वीच पृथ्वीच्या वयाचा प्रश्न त्यांच्यापुरता धर्मसंकटाचा राहिलेला नव्हता.

१८४५ मध्ये ते येथे आले तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. १८४६ मध्ये शाळा सुरू झाली. मराठी शिकणे, शिकवणे आणि उपदेश ही नित्याची कामे असताना, त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह गावोगावच्या फिरस्तीत त्यांचे लक्ष पायाखालच्या दगडाकडे जाऊ लागले. नागपूर शहर यासाठी विलक्षण जागी वसले आहे. पश्चिमेला दख्खनच्या काळ्या पाषाणाची कड, उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म, आणि पूर्वेकडे फार जुने स्फटिकमय खडक. एका दिवसाच्या चालीत पृथ्वीच्या इतिहासाची तीन निरनिराळी प्रकरणे ओलांडता येतात.

टाकळीचा शंख यातूनच आला. शहराच्या पश्चिमेला काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये मातीच्या आणि गारगोटीसारख्या कठीण दगडाच्या पातळ पट्ट्या आहेत. भूशास्त्र शिकत असताना त्यातील एक तुकडा मी प्रथम हातात घेतला, तो दिवस मला अजून आठवतो. मार्चमधले ऊन, हाताला चटका देणारा दगड, आणि त्याच्या करड्या पाठीवर नखाएवढी एक गोगलगाय. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले, तर शिंपल्याचे तोंड डाव्या बाजूला येत होते, आणि बहुतेक गोगलगाईंचे ते उजवीकडे असते. भिंगातून पाहिले तर वेटोळ्यांमधील खाच इतकी स्पष्ट होती, की ती गोगलगाय कालच तळ्याकाठी मेली असावी. ही फिसा, गोड्या पाण्यातील गोगलगाय. हिस्लॉप आणि हंटर यांना टाकळी परिसरात मिळालेल्या जीवाश्मांत हीच डावखुरी फिसा होती.

या एवढ्याशा शंखाचा युक्तिवाद नीट उलगडून पाहिला पाहिजे, कारण वैज्ञानिक विचार करणाऱ्या श्रद्धावंताला तो टाळता येत नाही. खालचा थर म्हणजे लाव्हारस, त्यात काही जगणे शक्य नाही. तो निवाला, त्याचा पृष्ठभाग उन्हापावसाने कुजला, खोलगट भागात पाणी साचून तळे झाले, तळ्यात शेवाळ आले, गोगलगाई आल्या, त्यांच्या पिढ्यामागून पिढ्या मेल्या, त्यांचे शिंपले गाळात रुतले, आणि मग केव्हातरी दुसरा लाव्हारस येऊन त्या सगळ्यावर पसरला. अशा पट्ट्या दख्खनच्या पाषाणात एकीवर एक अनेक ठिकाणी आढळतात, म्हणजे हे चक्र पुनःपुन्हा फिरले आहे. चाळीस दिवसांच्या पावसाने आलेल्या एका प्रलयात हे बसवता येत नाही, आणि गोगलगाय गोड्या पाण्यातली असल्यामुळे समुद्राच्या पुराचाही आधार घेता येत नाही. हिस्लॉप यांनी तो घेतला नाही. या थरांचे वय काय असावे, हा वाद त्यांच्या निबंधांत शिंपल्यांशी शिंपले आणि पानांशी पाने ताडून चालतो.

हंटर यांच्यासह लिहिलेला, नागपूर परिसराचे भूशास्त्र आणि जीवाश्म यांविषयीचा त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. कामठीजवळ सिलेवाडा येथील खाणीत वालुकाश्माची चीप छिन्नीने उकलली, की आत जिभेच्या आकाराचे पान उमटलेले दिसते. मध्ये ठळक शीर, तिच्या दोन्ही बाजूंना जाळीसारख्या शिरा. हे ग्लोसोप्टेरिस. नागपूरकडून गेलेल्या अशा पानांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. ग्लोसोप्टेरिसची पाने दक्षिण गोलार्धातील इतर भूखंडांवरही सापडत गेली, आणि हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते या कल्पनेला त्यांचा मोठा आधार मिळाला. त्या प्राचीन महाखंडाला पुढे नाव मिळाले तेही आपल्याच गोंडवनाचे.

येथे एक बाजू मोकळेपणाने सांगितली पाहिजे. हिस्लॉप धर्मप्रसारासाठी आले होते आणि भूशास्त्र हा त्यांच्या कामाचा गाभा नव्हता. गोंडांची गाणी, शब्द आणि चालीरीती त्यांनी फार कष्टाने टिपल्या, त्यात लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचे गीत आहे. हे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. मात्र ज्यांच्या तोंडून ही गाणी आली आणि ज्या खाणकामगारांच्या छिन्नीखाली ही पाने उघडी पडली, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत, आणि नागपूरचे कितीतरी नमुने लंडनला गेले. हिस्लॉप यांच्या वैज्ञानिक प्रामाणिकपणाविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ही उणीवही नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पृथ्वीच्या वयाचा प्रश्न असा सुटला, तरी तो सर्वांत सोपा होता. विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये घड्याळावरून घड्याळजीचे अनुमान करावे तसे सृष्टीच्या रचनेवरून रचनाकाराचे अनुमान मांडले होते आणि दोन पिढ्या त्यावर विसंबल्या होत्या. १८५९ मध्ये डार्विन यांनी त्या रचनेचे दुसरे कारण दाखवून दिले आणि ज्यांची श्रद्धा केवळ त्या अनुमानावर उभी होती त्यांची पंचाईत झाली. श्रद्धेला विज्ञानाच्या ताज्या निष्कर्षाचा टेकू देण्यातील हा धोका बेल्जियमचे धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी अचूक ओळखला होता. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची मांडणी त्यांनी १९२७ मध्ये केली, पण तिचा संबंध ‘उजेड होवो’ या वचनाशी जोडला जाऊ लागला, तेव्हा त्यांना ते रुचले नाही. माझ्या मते या साऱ्या परंपरेतील सर्वांत निरोगी भूमिका हीच आहे: शास्त्रवचनाने दगड वाकवू नये आणि दगडाकडून शास्त्रवचनाची सही मागू नये.

मग वैज्ञानिक विचार करणाऱ्याने तपासायचे काय उरते? उरतो तो ख्रिस्ती श्रद्धेचा मूळ दावा, आणि तो भूशास्त्राचा नसून एका घटनेचा आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात पौल म्हणतो, की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. आपला दावा नेमका कोठे खोटा ठरेल हे स्वतःच सांगून टाकणारे हे विधान आहे, आणि प्रयोगशाळेत वाढलेल्या मनाला त्याची ओळख पटते. प्रयोग पुन्हा करून ही घटना पडताळता येत नाही. साक्षी किती जुन्या, साक्षीदार कोण, त्यांनी त्यासाठी काय सोसले, असे इतिहासाचे प्रश्न येथे विचारावे लागतात, आणि ते विचारणारी माणसे प्रामाणिकपणे निरनिराळ्या उत्तरांपाशी पोहोचतात.

अशी विचारणा नागपूरला परकी नाही. धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असला पाहिजे ही कसोटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये लेखातून मांडली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ज्या गावाने तो दिवस पाहिला, तेथील ख्रिस्ती श्रद्धावंतालाही या कसोटीला सामोरे जावेच लागते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी, शेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी असताना, टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे जाताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाले. त्याच वर्षी नागपुरात अजब बंगला हे संग्रहालय सुरू झाले आणि १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय. कामठीची पाने त्यांनी ज्युरासिक काळातील मानली होती, ती त्याहून जुनी, पर्मियन काळातील, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीची निघाली. टाकळीचा शंख त्यांनी इओसीन काळात, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या काळात, ठेवला होता आणि १९३० च्या दशकात जीवाश्म-वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनीही जीवाश्म वनस्पतींच्या आधारे तोच निर्णय दिला होता. आता दख्खनच्या पाषाणाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरले आहे, आणि त्यामुळे तो शंख डायनोसॉर नष्ट झाले त्या सीमेच्या आसपास जाऊन बसला आहे.