तळं पहाटे बघावं

मिरगाचं आभाळ तीन दिवस दाटून राहिलेलं. ऊन नाही, वारा नाही. चौथ्या दिवशी पहाटे खानापूर तालुक्यातल्या एका गावतळ्याच्या बांधावर मी उभा होतो. कटला, रोहू शेकड्यांनी वर आले होते आणि पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते. चुप् चुप् असा बारीक आवाज सगळ्या तळ्यावर पसरलेला. तळं ठेक्यानं घेतलेले मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "कुणीतरी औषध टाकलं रे!"

औषध कुणीच टाकलं नव्हतं. मासे गुदमरत होते.

आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, समुद्रसपाटीवर आणि 20 अंश तापमानाला, तो जेमतेम 9 मिलिग्रॅम विरघळतो. पाणी 30 अंशांपर्यंत तापलं की साडेसातच. आपला बेळगाव भाग समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून इथं त्याहूनही थोडा कमी. कटला-रोहूला 5 मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. 2 च्या खाली गेला की मासा वर येतो.

हिरवं तळं दिवसा भरपूर ऑक्सिजन तयार करतं, कारण पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न बनवतं. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू मिळून तो वापरतात. सगळ्यात कमी साठा उरतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. आभाळ दोन-तीन दिवस भरून आलं की दिवसाची कमाई बंद आणि रात्रीचा खर्च चालूच. दुपारी तळं बघून सगळं ठीक आहे म्हणणाऱ्याची फसगत होते ती इथं.

या तळ्याचा खर्च आधीच वाढलेला होता. वस्तीचं गटार वर्षभरापूर्वी तळ्याकडं वळवलेलं. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीच्या नदीपाण्यात तो लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नसावा असा आपल्याकडं निकष आहे. घरगुती सांडपाण्यात तो 200 च्या घरात असतो. म्हणजे सांडपाण्याची एक बादली जवळपास 30 बादल्या चांगल्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकते! कुजून सुटलेलं नत्र-स्फुरद शेवाळाला आणि जलपर्णीला खत होतं, ते वेगळंच.

बेळगाव शहर राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी पितं, आणि वापरलेलं पाणी बळ्ळारी नाल्यातून शहापूर-वडगावच्या भाताच्या शिवारात उतरतं. पावसाळ्यात नाला फुगून पिकात पाणी शिरतं तेव्हा ते नुसतं पाणी नसतं, हे तिथल्या शेतकऱ्यांना कुणी सांगायला नको. नाल्यावर जलपर्णीची चादर पसरली की खाली ऊनही पोचत नाही आणि हवाही.

सांडपाण्यावर मासे वाढूच शकत नाहीत असं मात्र नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे 12,500 हेक्टरची पाणथळ जागा आहे. 2002 साली तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला. तिथं शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत मोजून सोडतात, उन्हात मुरू देतात आणि मग त्यावर मासे वाढवतात. सगळी किमया उथळपणाची आणि मोजून सोडण्याची आहे. आपल्याकडं गटार थेट तळ्यात येतं, मोजमाप कुणाचंच नसतं. त्यात कारखान्याचं रसायन मिसळलं तर हा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही.

मामांच्या तळ्यावर त्या पहाटे आम्ही डिझेल इंजिन लावलं, तळ्यातलंच पाणी उचललं आणि उंचावरून फवारा करून परत तळ्यात सोडलं. थेंब जितके बारीक तितकी हवा जास्त मुरते. माशांचं खाद्य आणि शेवाळ वाढावं म्हणून टाकायचं शेण, दोन्ही थांबवलं. नऊच्या सुमाराला आभाळ फाटलं, ऊन पडलं, उरलेले मासे खाली गेले. निम्मे मेलेच.

आता मामा रोज काठावर वाकून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवतात. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालं, त्या दिवशी शेण टाकायचं नाही. गटाराच्या तोंडाशी त्यांनी एक खड्डा काढून त्यात कर्दळ लावली आहे. घट्ट मैला तिथंच बसतो, आणि दर महिन्याला मामा तो स्वतः पाटीनं उपसतात.